एनेइदाच्या फोनला काय खात होतं

पुएर्तो मान्सोत कुणाच्याच फोनची बॅटरी धड टिकत नसे. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यानं जिथं खिडक्यांचे गज गळून पडतात, तिथं बॅटरीची काय कथा. पण एनेइदा पेर्तुसच्या फोनचं दुखणं जगावेगळं होतं. सकाळी काठोकाठ भरलेला फोन दुसऱ्या कॉफीपर्यंत निम्म्यावर यायचा आणि जेवणवेळेला मान टाकायचा. शिवाय तापायचा. एप्रनच्या डाव्या खिशात तो असायचा, आणि डाव्या मांडीला असे चटके बसायचे की एनेइदाला वाटलं, हे आपलं वयच बोलतंय.

ती औषधांच्या दुकानात गेली. डॉन विल्फ्रिदो हे गावचे औषधवाले आणि डॉक्टर नसला की डॉक्टरही. अंगाची आग होते, पण एकाच मांडीत होते, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक गोळी दिली, आणि मग काळजीनं विचारलं, की फोन किती चार्ज आहे.

तिला तो प्रश्न विचित्र वाटला नाही. गाव अलीकडे तिची फारच विचारपूस करत होतं.

एनेइदा शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, आणि कार्निव्हलच्या आधी दोन महिने नुसते घेरच घेर. मशीन खिडकीशी, खिडकी रस्त्याला लागून, आणि तोंड दिवसभर चालू. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर मशीनशी, धागा तुटला तर धाग्याशी. आणि कुणीच नसलं की नवऱ्याशी.

नवरा एव्हेलियो. होडीला इंजिन आणतो म्हणून तो माराकाइबोला गेला, तो गेलाच. मेल्याची बातमी नाही, दुसरी केल्याची नाही. निघायच्या सकाळी दोघांचं भांडण चाललं होतं, ते अर्धवट राहिलं, आणि एनेइदाला अर्धवट काम खपत नसे. तिनं ते एकटीनं पुढं चालू ठेवलं. आपलं बोलणं आपल्या आवाजात, त्याचं बोलणं नाकातून, जाड आवाजात. भांडणात ती प्रामाणिक होती. त्याच्या तोंडी चांगले मुद्देही घालायची. एखाद्या दिवशी तो जिंकायचा. त्या दिवशी ती स्वयंपाक करायची नाही.

फोन तिला भाच्यानं, येसिडनं, बारांकियाहून पाठवला होता. शिवताना गाणी ऐक म्हणून त्यात रेडिओचं एक ॲपही घालून दिलं होतं. कार्निव्हलच्या धांदलीत एनेइदानं ते एकदा उघडलं, आवाज वाढवायला म्हणून एक लाल टिकली दाबली, गाणं काही लागलं नाही, म्हणून तिनं फोन खिशात टाकला आणि रेडिओचा विषय डोक्यातून काढून टाकला.

बॅटरीचं दुखणं तेव्हापासूनचं. पण दोन गोष्टींची गाठ कुणी मारून दिल्याशिवाय कळते थोडीच.

गाव मात्र इलाजाला लागलं. आधी डॉन विल्फ्रिदोंनी चष्मा कपाळावर चढवून फोन तपासला. पडद्यामागं पोहणारे मासे होते, ते काढले. मासे हलतात म्हणजे त्यांनाही खायला लागतं, असं त्यांनी समजावलं. मग त्यांनी तिला ओस्नाइदेरकडं धाडलं. बाजारातल्या ताडपत्रीखाली फुटक्या फोनांचा ढीग मांडून बसणारा हा माणूस एरवी गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघत नसे. तो उठून उभा राहिला, स्वतःचं स्टूल त्यानं पुसून दिलं.

ओस्नाइदेरनं राशिभविष्य काढलं. रोजच्या संताचं चित्र यायचं, ते काढलं. फळं फोडायचा खेळ काढला, त्यावर एनेइदा थोडी नाराज झाली, कारण तिची बरीच फळं फोडून झाली होती. विजेरीसुद्धा त्यानं कुठं तरी दडवली. तुम्ही कुठं आहात हे फोन सारखं आभाळाला विचारत बसतो, तेही बंद करतो, तुम्ही कुठं आहात ते गावाला ठाऊक आहे, असं तो म्हणाला. पडद्याचा उजेड इतका कमी केला की कुणाचा निरोप वाचायचा तर एनेइदाला कॉटखाली डोकं घालावं लागे. शेवटी मूळची बॅटरी काढून त्यानं साबणाच्या वडीएवढी जाड बॅटरी बसवली आणि वरून रबर लावलं.

पडद्यावर आता एकच चित्र उरलं होतं, रेडिओचं. एनेइदानं आपण होऊन म्हटलं, की हे तर मी कधी ऐकतच नाही, हेही काढ.

ओस्नाइदेरचा हात थबकला. "ते राहू द्या, डोन्या एनेइदा," तो म्हणाला. "ती कमरेची नाडी आहे. ती ओढली की सगळंच खाली येईल."

नाडीचं म्हणणं शिवणाऱ्या बाईला लगेच पटलं.

साबणाच्या वडीनं फोन दुपारच्या झोपेपर्यंत पोचू लागला. पुढची सोय गावानं केली. ती जाईल तिथं लोक भिंतीतला प्लग मोकळा करून देत. मासेवाल्यानं बर्फाच्या पेटीची पिन उपसून तिचा चार्जर लावला, आणि त्या दिवशी त्याचे मासे वासाला लागले तरी तो काही बोलला नाही. वीज गेली, आणि ती रोजच जायची, की डॉन विल्फ्रिदो जनरेटर चालू करत आणि निरोप पाठवत, की मशीन इकडंच आणा, सावलीत बसा, काय बोलायचं असेल ते बोला. चर्चमध्ये पाद्रे तार्सिसियोंनी मोठ्या मेणबत्त्यांमागं तिच्यासाठी एक पिन राखून ठेवली. कबुलीजबाबाला येताना मात्र फोन तिकडं लांब ठेवून यायचा, असं त्यांनी बजावलं होतं. एनेइदाला वाटलं, देवाच्या घरची शिस्त असेल.

कधी कधी तिला भरून यायचं. एव्हेलियो गेला तेव्हा याच गावानं एक शब्द विचारला नव्हता. आता फोनची बॅटरी उतरली तर माणसं धावत येतात. एका दुपारी भांडता भांडता तिला रडू आलं, घरात कुणी नव्हतं म्हणून ती मनसोक्त रडली, आणि संध्याकाळच्या आत दारावर नारळाचा भात, तळलेली केळी आणि एक अख्खा मासा येऊन पडला. माणसाच्या मनातलं माणसाला कळतं म्हणतात ते खोटं नाही, असं ती एव्हेलियोला म्हणाली. एव्हेलियोनं नाकातून हुंकार दिला.

एकच गोष्ट तिला खटकायची. औषधवाल्यांच्या बायकोच्या, नायिबेच्या, झग्याची मापं घेताना तिनं सवयीनं कंबर मोठ्यानं म्हणून दाखवली होती. दुसऱ्या दिवशी मासेवाल्यानं नायिबेला केळी कमी खायचा सल्ला दिला. नायिबेनं त्याचं कंबरडं मोडायची भाषा केली, आणि एनेइदाचं तोंड बघायचं बंद केलं. एनेइदाला कळेना, आपण काय पाप केलं.

ऑगस्टात धाग्याची रिळं संपली म्हणून ती शहराच्या बाजाराला निघाली. बस चालवायचा एउस्तोर्हियो. जाडजूड, गप्प माणूस, आणि बसमध्ये सदा व्हायेनातोची गाणी लावणारा. त्या दिवशी एनेइदा मागच्या दारानं चढली आणि पार शेवटी, एका म्हातारबाच्या कसाव्याच्या पोत्याला टेकून बसली. एउस्तोर्हियोनं तिला पाहिलंच नाही.

बसमध्ये गाणी नव्हती. भोंग्यातून नुसती घरघर येत होती, मोटारीच्या इंजिनासारखी. एनेइदाला वाटलं, काही बिघडलंय. ती म्हातारबाला म्हणाली, "बाबा, पोतं जरा सरकवा, माझ्या बरगडीत घुसतंय."

दोन श्वास गेले असतील. मग भोंग्यातून, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं, एक बाई म्हणाली, "बाबा, पोतं जरा सरकवा, माझ्या बरगडीत घुसतंय."

एनेइदा हसली. या बसमध्ये अजून कुणाच्या तरी बरगडीत पोतं घुसत होतं. पण आवाज कुठं तरी ऐकल्यासारखा होता, आणि तसा फारसा गोड नव्हता. तिनं म्हातारबाला विचारलं, ही कोण बाई. भोंग्यानंही थोड्या वेळानं विचारलं, ही कोण बाई.

मग बसमधली सगळी डोकी एकेक करून मागं वळली. एउस्तोर्हियोनं आरशात पाहिलं आणि ब्रेक असा दाबला की म्हातारबाचं पोतं आपोआपच सरकलं. भोंग्यातूनही मागोमाग ब्रेक करकचला, पोतं धपकन पडलं, आणि कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. ते एनेइदाच म्हणाली होती.

पुढच्या बाकावर शाळेतली बाई बसली होती, नुबिया. तिच्या पोरांचे गणवेश एनेइदाच शिवायची. एनेइदा उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला. नुबियानं स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. त्यावर तेच रेडिओचं चित्र, त्याखाली 'माझं स्टेशन १', आणि त्याखाली ऐकणाऱ्यांचा आकडा. पुएर्तो मान्सोत तेवढी माणसं नव्हती. शेजारची दोन गावंही त्यात धरावी लागली असती.

"कधीपासून?" एनेइदानं विचारलं.

"कार्निव्हलपासून," नुबिया म्हणाली. आणि पायाकडं बघत पुढं म्हणाली, "आम्ही एव्हेलियोच्या बाजूचे नव्हतो हो. आमच्या घरात सगळे तुमच्याच बाजूचे."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. ती लाल टिकली म्हणजे आपलं बोलणं सगळ्यांना ऐकवायची कळ होती, आणि फोन मेला तरी पुन्हा चालू झाला की ती आपोआप लागायची. गावात दोन पक्ष पडले होते. मासेवाले आणि होडीवाले एव्हेलियोकडून, कारण इंजिनाशिवाय होडी म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. बाजारातल्या बायका एनेइदाकडून. एउस्तोर्हियोनं नाकातून बोलणारा एव्हेलियो ऐकून ऐकून तो आवाज इतका उचलला होता, की तो घरी बायकोशी त्याच आवाजात बोलायचा. आणि गेल्या मंगळवारी एनेइदानं एव्हेलियोला सरळ विचारलं होतं, की तू परत का नाही आलास. तो खूप वेळ गप्प राहिला होता. तेवढ्यात वीज गेली आणि फोन मेला. तेव्हापासून तिन्ही गावं उत्तराची वाट बघत होती.

एनेइदाला चीड आली नाही, निदान आधी नाही. आधी ती मोजत राहिली, कार्निव्हलपासून आपण काय काय बोललो. महापौराच्या तिरक्या खांद्यांबद्दल बोललो. पाद्रेंच्या प्रवचनाला दोऱ्यासारखी गाठ नसते, असं बोललो. न्हाताना गायलो. सांधे दुखतात तेव्हा देवाला कुठल्या शब्दांत हाक मारतो, तेही गेलंच. आणि नायिबेची कंबर. तिचा चेहरा कानापर्यंत तापला, आणि या वेळी ते खिशातल्या फोनामुळं नव्हतं.

तिनं नुबियाला ते बंद करायला सांगितलं. नुबियानं विनवलं, की निदान मंगळवारचं उत्तर तरी होऊ द्या. एनेइदानं आपला फोन पुढं करून तिच्यावर अशी नजर रोखली, की नुबियानं त्यावरची लाल टिकली दाबली. भोंग्यातली घरघर थांबली. बसची स्वतःची घरघर तेवढी उरली, आणि ती फार एकटी वाटली.

फोन त्यानंतर दोन दोन दिवस टिकू लागला. गार राहू लागला. ओस्नाइदेरनं साबणाची वडी परतही मागितली नाही, आणि रस्त्यात दिसला की वाट बदलू लागला. मासेवाल्यानं बर्फाची पिन पुन्हा आपल्या पेटीला लावली. औषधवाल्यांचा जनरेटर तिच्यासाठी चालू होईना. एनेइदा खिडकीशी बसून शिवायची, आणि तोंड शिवलेलंच. मशीनला काही म्हणायला जावं, तर ती आधी खिशातला फोन चाचपायची. एकदा एव्हेलियोला बोलवायचा प्रयत्न केला. नाकातून आवाज काढला, तर तो एउस्तोर्हियोसारखा वाटला. तिला रडू आलं, पण तेही तिनं उशीत तोंड खुपसून आटोपलं. त्या दिवशी दारावर मासा आला नाही.

एका संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, तिच्या दारात डॉन विल्फ्रिदो, पाद्रे तार्सिसियो आणि ओस्नाइदेर येऊन उभे राहिले. तिनं झुलत्या खुर्च्या बाहेर काढल्या, कॉफी दिली. डॉन विल्फ्रिदोंनी घसा साफ करून सांगितलं, की गावात लोकांना झोप लागत नाही, शामक गोळ्या संपल्यात. ओस्नाइदेरनं सांगितलं, की बॅटरीचं तो आयुष्यभर बघेल. पाद्रे म्हणाले, की ते स्वतः ऐकत नसत, फक्त चालू ठेवत.

एनेइदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. मी चालू करते. पण आधी तुम्ही तिघं तुमचे फोन काढा, आणि तुमची टिकली दाबा. तुम्ही माझं ऐकलंत, आता मी तुमचं ऐकेन. घरातलं, दुकानातलं, सगळं."

डॉन विल्फ्रिदोंना कॉफी फार गरम लागू लागली. ओस्नाइदेरला ताडपत्री सोडायची आठवण झाली. पाद्रे थोडा वेळ खुर्चीत झुलले, आणि म्हणाले, "मुली, सगळ्यांनाच ते जमत नाही."

"मलाही जमत नव्हतं," एनेइदा म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं का?"

ते गेल्यावर तिला खरी चीड आली, आणि आली ती एकदम पोटातून. तिनं फोन घेतला, रेडिओ उघडला, लाल टिकली दाबली, आणि परसात जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यात, अंडी ठेवायच्या फळीवर तो उभा करून ठेवला. "घ्या," ती म्हणाली. "ऐका आता." येसिडला तिनं सांगितलं, की दुसरा फोन पाठव, आणि त्यात काहीही घालू नकोस, गाणं नको, संत नको, फळं तर नकोतच.

तिचा अंदाज होता, गावाला हा अपमान झोंबेल. चार दिवस तिनं कुणाकडं लक्षच दिलं नाही. पाचव्या दिवशी बाजारात मासेवाल्यानं तिला काळजीनं विचारलं, की ती ठिपक्यांची, जी आधी कुरकुरते आणि मग गप्प होते, ती कालपासून बोलली नाही, तिचं काही दुखतंय का. एनेइदा त्याच्याकडं बघतच राहिली. ठिपक्यांची आहे हे तुला रे कसं कळलं, तिनं विचारलं. आवाजावरून, तो म्हणाला.

ऐकणाऱ्यांचा आकडा आधीच्या दुप्पट झाला होता. होडीवाले लाल कोंबड्याकडून होते, बाजारातल्या बायका ठिपकीकडून. लाल कोंबडा पहाटे आरवायचा आणि मग दिवसभर कुठं गायब असायचा, त्यावरून चर्चच्या पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्यांची बाचाबाची झाली. डॉन विल्फ्रिदोंनी मक्याची पिशवी पाठवली. ओस्नाइदेर आपण होऊन आला आणि खुराड्यापर्यंत वायर ओढून, पावसाचं पाणी लागू नये म्हणून फोनवर कौल ठेवून गेला. नायिबेनं निरोप धाडला, की झग्याचं उरलेलं माप घ्यायला यायचं आहे, पण परसाकडची खिडकी लावून घ्या. मापं घेताना ती हसली, आणि कंबर पूर्वीपेक्षा बरीच आत गेली होती, हे एनेइदानं तिच्या कानात सांगितलं.

घर आता एनेइदाचं एकटीचं होतं. नवा फोनसुद्धा ती मक्याच्या पिठाच्या डब्यात झाकण लावून ठेवायची. घसा हळूहळू मोकळा झाला. आधी धाग्याला एक शिवी दिली, मग मशीनला दोन. मग एका दुपारी, बाह्या जोडता जोडता, तिनं तो मंगळवारचा प्रश्न पुन्हा विचारला. तू परत का नाही आलास, एव्हेलियो.

तिनं घाई केली नाही. बाही पुरी झाली.

"इंजिन मिळालं नाही," तो म्हणाला, नाकातून, अगदी त्याच्याच आवाजात.

"एवढंच?"

"एवढंच. हात हलवत कसा येणार."

एनेइदा सुई हातात धरून बसून राहिली. मग तिला हसू आलं, इतकं, की कापड मांडीवरून घसरलं. किती साधा, किती मूर्ख माणूस. इतक्या वर्षांत तिनं त्याच्या तोंडी किती तऱ्हेची कारणं घालून पाहिली होती, बायका, तुरुंग, बुडालेली होडी, आणि हे एक सुचलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, भाताला आधण ठेवलं, आणि अंडी काढायला परसात गेली.

ठिपकी खुराड्यात बसून कुरकुरत होती. एनेइदा तिच्यापाशी वाकली, आणि बातमी पोटात मावेना म्हणून तिलाच सांगून टाकली. "ऐकलंस का गं, त्याला इंजिनच मिळालं नाही. लाजेनं आला नाही मेला." अंडं उचलताना फळीवरचा फोन दिसला, आणि तिनं एप्रन तोंडावर धरला. तिन्ही गावांनी ज्याची वाट पाहिली होती, ते ती आता आपल्या तोंडानं सांगून बसली होती.

फोन थरथरला. निरोप आला होता. तिनं तो हातात घेतला आणि वाचण्यासाठी खुराड्याच्या अंधारात डोकं घातलं.

निरोप मासेवाल्याचा होता. डोन्या एनेइदा, त्यानं लिहिलं होतं, रागावू नका, पण तुम्ही जरा बाजूला व्हाल का, ठिपकी ऐकू येत नाही.